पोर्ट उघडला, तरी पॅकेट आत येईना

घरातले गेल्या कितीतरी वर्षांचे फोटो मी एका छोट्या संगणकावर एकत्र केले होते. ते माझ्या धाकट्या भावाला त्याच्या घरून बघता यावेत, एवढंच हवं होतं. "राउटरवर पोर्ट फॉरवर्ड कर, की झालं," असं सगळीकडे वाचलं होतं. (पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या एका सेवेच्या दाराचा क्रमांक, आणि पॅकेट म्हणजे जाळ्यावरून जाणारं माहितीचं छोटं पुडकं.) प्रत्यक्षात ६ तारखेच्या शनिवारी सुरुवात केली आणि २८ तारखेच्या रविवारी काम पुरं झालं. यातले बरेच दिवस वाट बघण्यात गेले. उरलेले फायरवॉलच्या, म्हणजे कुठलं पॅकेट सोडायचं आणि कुठलं अडवायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याच्या, नियमांनी खाल्ले, आणि त्याबद्दल क्रमवार लिहिलेलं फारसं सापडलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी मांडणी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सर्व्हरचा, म्हणजे फोटोंच्या त्या छोट्या संगणकाचा, घरातला पत्ता १९२.१६८.१.२०. फोटोंची सेवा त्याच्यावर ४४३ या पोर्टवर चालते. बाहेरच्यांसाठी मी ८४४३ हा पोर्ट निवडला. म्हणजे बाहेरून ८४४३ वर येणारं सगळं राउटरने १९२.१६८.१.२० च्या ४४३ वर पोचवायचं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, माझी अडचण त्यांच्यातूनच निघाली.

६ तारखेला दोन गोष्टी बरोबर केल्या होत्या. राउटरच्या डीएचसीपीमध्ये, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या भागात, सर्व्हरचा पत्ता राखून ठेवला, नाहीतर वीज जाऊन आल्यावर त्याला दुसरा पत्ता मिळू शकतो आणि फॉरवर्डिंग भलत्याच यंत्राकडे बोट दाखवत राहतं. शिवाय सेवा कुठे ऐकते आहे तेही पाहिलं. १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर ती फक्त स्वतःशीच बोलते, बाहेरचं तर सोडाच, घरातलं दुसरं यंत्रही तिथे पोचत नाही. माझी ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऐकत होती.

मग घरच्याच वायफायवरून राउटरचा बाहेरचा पत्ता टाकून बघितलं. काही नाही. दोन तास मी नियम बदलत राहिले, राउटर बंद-चालू करत राहिले. रात्री उमगलं की चाचणीच चुकीची होती. घरात बसून स्वतःच्या बाहेरच्या पत्त्यावर गेलं, की पॅकेट राउटरपर्यंत जातं आणि तिथून राउटरने ते पुन्हा घरात वळवावं लागतं. याला हेअरपिन नॅट किंवा लूपबॅक म्हणतात (नॅट म्हणजे राउटरने पॅकेटवरचे पत्ते बदलणं). कित्येक राउटरवर ते नसतं किंवा वेगळं चालू करावं लागतं. त्यामुळे घरातून न उघडणं हा कसलाच पुरावा नाही. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा, किंवा दुसऱ्या घरातल्या कुणाला तरी सांगा. मी भावाला सांगितलं. त्यानंतरचे सगळे रविवार तो माझ्यासाठी फोन कानाला लावून बसला, त्याचं ऋण मोठं आहे.

७ तारखेला राउटरच्या स्थिती पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता पाहिला. तो १०० ने सुरू होत होता आणि बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणारा माझा पत्ता अगदी निराळा होता. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला: इंटरनेट पुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, तेव्हा आतल्या बाजूला हे पत्ते वापरतात. सीजीनॅट म्हणतात त्याला. अशा वेळी बाहेरून येणारं पॅकेट आपल्या राउटरपर्यंत येतच नाही, मग त्याच्यावर कितीही नियम लिहा. तुमच्या वॅनवर १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा पुरवठादाराचं खोकंही स्वतः राउटरचं काम करतं आहे. म्हणजे दोनदा नॅट. मग ते खोकं ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचं काम न करता सगळं नुसतं पुढे पाठवेल असं, टाकून घ्यावं लागतं, किंवा दोन्हीकडे फॉरवर्डिंग करावं लागतं.

सोमवारी, ८ तारखेला पुरवठादाराला फोन केला. पहिल्या तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि १० तारखेला "आपलं इंटरनेट सुरळीत चालू आहे" असा संदेश येऊन ती बंद झाली. चूक माझ्या शब्दांची होती. मी "पोर्ट चालत नाही" असं सांगितलं होतं. फोन घेणाऱ्या माणसाच्या यादीत असा प्रश्न नसतो. ११ तारखेला पुन्हा फोन केला आणि एवढंच म्हटलं, "मला स्थिर सार्वजनिक आयपी पत्ता हवा आहे, त्यासाठी अर्ज कसा करायचा?" लगेच दुसऱ्या विभागाकडे जोडलं गेलं. एक अर्ज, ओळखपत्राची प्रत, वापर कशासाठी ते एका ओळीत, आणि महिन्याच्या बिलाशिवाय वेगळा आकार, तोही वर्षाचा एकदम आगाऊ. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: पत्ता खरोखर सार्वजनिक आहे ना, आणि बाहेरून येणारे कुठले पोर्ट तुमच्याकडूनच अडवले जातात. मला २५, ८० आणि ४४३ अडवलेले आहेत असं उत्तर आलं. ८४४३ मोकळा होता.

१९ तारखेला, शुक्रवारी, पत्ता मिळाल्याचा संदेश आला. राउटर एकदा बंद करून चालू केल्यावर वॅनवर तोच पत्ता दिसला. आता उघडणारच, अशी माझी खात्री होती.

२० तारखेला सकाळी भावाला फोन लावला.

"उघड बघू."

"ताई, नुसतं फिरतंय गं. काही येत नाही."

"नकार देतंय की फिरत राहतंय?"

"फिरत राहतंय."

हा प्रश्न मी आदल्या रात्री शिकले होते आणि तो फार कामाचा आहे. पोर्टवर कुणी ऐकत नसेल, तर यंत्र बहुतेक वेळा लगेच नकार पाठवतं आणि समोर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसतं. म्हणजे पॅकेट कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचून उत्तर परत आलं. बराच वेळ फिरून मग 'टाइमआउट' आला, तर कुणीतरी पॅकेट गुपचूप टाकून दिलं, किंवा उत्तर वाटेत हरवलं. गुपचूप टाकणं ही फायरवॉलची सवय. तेव्हा शोध तिकडे वळवला.

माझ्या राउटरवर लिनक्स आहे आणि एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने, आत शिरता येतं. त्यावर टीसीपीडंप नावाचं साधन असतं, एखाद्या तारेवरून जाणारी पॅकेटं ते दाखवतं. आधी वॅनच्या बाजूला, फक्त ८४४३ पोर्टसाठी ते लावलं. भावाने पान उघडताच ओळ आली. त्याच्या पत्त्यावरून सिन पॅकेट, म्हणजे जोडणीची पहिली हाक. एका सेकंदाने तीच हाक पुन्हा, मग दोन सेकंदांनी, मग चार. उत्तर न मिळाल्यावर पुन्हा हाक मारायची ही टीसीपीची, म्हणजे आधी जोडणी करून मग माहिती नेणाऱ्या प्रोटोकॉलची, पद्धत आहे. ती ओळ बघून मला किती बरं वाटलं काय सांगू. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच कळलं होतं की पॅकेट माझ्या दारापर्यंत येतं आहे. पुरवठादार, स्थिर पत्ता, भावाचं इंटरनेट, सगळं एका फटक्यात संशयातून बाहेर.

मग लॅनच्या, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या बाजूला, ४४३ पोर्टसाठी तेच लावलं. शुकशुकाट. म्हणजे पॅकेट राउटरच्या एका बाजूने आत येत होतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत नव्हतं. राउटरच ते गिळत होता.

माझ्या राउटरवर दोन वेगळी पानं आहेत. एक पोर्ट फॉरवर्डिंगचं, दुसरं फायरवॉलच्या नियमांचं. पुष्कळ घरगुती राउटर फॉरवर्डिंग केलं की जोडीचा परवाना स्वतःच देतात. पीएफसेन्स या फायरवॉल प्रणालीवर तो नियम आपोआप बनवायचा की नाही, हे आपण निवडतो. माझ्याकडे दोन्ही हाताने लिहावे लागतात, आणि मी लिहिले होते. फॉरवर्डिंग: ८४४३ वरून १९२.१६८.१.२० च्या ४४३ ला. फायरवॉल: बाहेरून आत, ८४४३ वर येणाऱ्याला परवानगी. डोळ्यांना अगदी बरोबर दिसत होतं. त्या पानाकडे मी किती वेळा बघितलं असेन.

शेवटी आयपीटेबल्समधल्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमधल्या, नियमांसमोरचे आकडे काढले. प्रत्येक नियमापुढे त्याला आजवर किती पॅकेटं लागू झाली ते लिहिलेलं असतं. फॉरवर्डिंगच्या नियमापुढे आकडा वाढत होता. फायरवॉलच्या परवानगीपुढे शून्य. भावाला पुन्हा पान उघडायला लावलं. फॉरवर्डिंग वाढलं, परवानगी शून्यच. आणि सगळ्यात खालच्या "उरलेलं सगळं टाका" या नियमाचा आकडा तेवढाच वाढला.

ते तीन आकडे समोर ठेवून विचार केला तेव्हा गाठ सुटली. बाहेरून आलेलं पॅकेट आधी प्रीराउटिंग या टप्प्यातून जातं. तिथेच डीनॅट होतं, म्हणजे त्याच्यावरचा पोचण्याचा पत्ता आणि पोर्ट खोडून नवा लिहिला जातो. मग ते फॉरवर्ड या टप्प्यावर येतं, आणि फायरवॉल तिथे बसलेली असते. म्हणजे फायरवॉलपुढे आलेल्या पॅकेटवर ८४४३ कुठेच नसतं. तिला दिसतं १९२.१६८.१.२० आणि ४४३. मी तिला ८४४३ वाल्याला सोड असं सांगून ठेवलं होतं, आणि तसं कुणी तिच्यापुढे कधी येणारच नव्हतं. बाहेरचा आणि आतला पोर्ट एकच ठेवला असता, तर निदान हा गोंधळ झाला नसता. वेगवेगळे पोर्ट ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात असू द्यावं: परवानगीचा नियम आतल्या पत्त्यासाठी आणि आतल्या पोर्टसाठी लिहायचा.

नियम बदलला. पोचण्याचा पत्ता १९२.१६८.१.२०, पोर्ट ४४३. भावाला फोन. आकडा शून्यच.

इथे मला रडू यायचं बाकी होतं. जेवून आले, आणि त्या नियमातला एकेक रकाना मोठ्याने वाचत गेले. 'सोर्स पोर्ट' या रकान्यात ८४४३ लिहिलेलं होतं. पहिल्या दिवशी दोन्ही पोर्टांच्या रकान्यांत मी तोच आकडा भरला होता आणि नंतर एकच बदलला. सोर्स पोर्ट म्हणजे भावाच्या बाजूचा पोर्ट. तो त्याचं यंत्र दर जोडणीला नवा निवडतं, लिनक्सवर सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधला कुठलाही. तो ८४४३ असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. तो रकाना मोकळा ठेवायचा. राउटरच्या पानावर हे रकाने शेजारी-शेजारी असतात, तेव्हा ही चूक आणखी कुणाच्या हातून होत असणार असं मला अगदी मनापासून वाटतं.

नियमांचा क्रमही त्याच वेळी तपासला. नियम वरून खाली वाचले जातात आणि निकाल देणारा पहिला नियम लागला की वाचन थांबतं. परवानगी 'सगळं टाका'च्या वर हवी. माझी होती.

संध्याकाळी साडेसहाला परवानगीपुढचा आकडा पहिल्यांदा हलला. लॅनच्या बाजूला टीसीपीडंपमध्ये सिन दिसलं, १९२.१६८.१.२० च्या ४४३ कडे जाताना. तरी भावाकडे नुसतं फिरतच होतं. पण आता मला भीती वाटत नव्हती. राउटर सुटला होता, उरला होता सर्व्हर.

२१ तारखेला सर्व्हरवर टीसीपीडंप लावलं. सिन पोचत होतं, उत्तर निघत नव्हतं. सर्व्हरला स्वतःची फायरवॉल आहे हे मला ठाऊक होतं, पण "घरातून तर उघडतं" म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. तिच्यातला नियम होता: १९२.१६८.१.० च्या जाळ्यातून आलेल्यांना ४४३ खुला. राउटर डीनॅट करतो तेव्हा पोचण्याचा पत्ता बदलतो, पाठवणाऱ्याचा तसाच राहतो. सर्व्हरला भाऊ त्याच्या खऱ्या, बाहेरच्या पत्त्यानेच दिसत होता, आणि नियमात तो बसत नव्हता. नियम सैल केला.

"ताई, आलं! आजोबांचा फोटो आहे पहिलाच."

आई शेजारी बसली होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला, आणि पुढचा तासभर तो दोघांकडेच होता.

सर्व्हरवरही उत्तर निघताना दिसलं असतं आणि तरीही काही उघडलं नसतं, तर मी परतीची वाट पाहिली असती. सर्व्हरवर आधीच एखादं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खाजगी बोगदा) चालू असेल किंवा त्याचा डीफॉल्ट गेटवे (बाहेर जाण्याचं नेहमीचं दार) भलताच असेल, तर उत्तर दुसऱ्याच दाराने निघून जातं. माझ्याकडे तसं नव्हतं.

इथे थांबता आलं असतं. पण त्याच रात्री सर्व्हरच्या नोंदी चाळल्या, तर ओळखीचा नसलेला एकेक पत्ता ८४४३ वर येऊन दार ठोठावून गेलेला. इंटरनेटवरचे सगळे पत्ते सतत चाचपणारे प्रोग्राम असतात, तेव्हा यात विशेष काही नाही. पण घरच्यांचे फोटो त्या दाराआड होते. २०१६ साली मिराय हा घातक प्रोग्राम पसरला तो टेलनेट या दुरून आज्ञा देण्याच्या जुन्या सोयीच्या उघड्या पोर्टांवरून आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्यांतून. माझी सेवा तितकी कच्ची नव्हती, तरी तिच्यात उद्या एखादी फट सापडली तर मी ती त्याच दिवशी बुजवेन याची मला खात्री देता येईना. म्हणून पुढच्या शनिवारी, २७ ला, वायरगार्ड हे व्हीपीएन बसवायचं ठरवलं. मग बाहेर एकच यूडीपी (टीसीपीसारखी आधी जोडणी न करता पॅकेट पाठवणारा प्रोटोकॉल) पोर्ट खुला राहतो, ५१८२०, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. ध्यानात ठेवा, त्यामुळे पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळांना तो उघडा आहे हे कळू शकत नाही. ती 'बंद' म्हणाली तरी मनाला लावून घेऊ नका, वायरगार्डच्या स्थितीत 'लेटेस्ट हँडशेक'ची, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांना शेवटचं ओळखल्याची, वेळ येते का ते बघा.

या वेळी क्रम पाठ होता. फॉरवर्डिंग, राउटरची परवानगी, सर्व्हरची परवानगी, प्रोटोकॉल यूडीपी. तरी हँडशेक होईना. वॅनवर पॅकेट दिसत होतं, लॅनवर ते १९२.१६८.१.२१ कडे जात होतं. फॉरवर्डिंग लिहिताना शेवटचा आकडा चुकला होता. २० केला, जतन केलं. लॅनवर पॅकेट अजूनही २१ कडेच.

याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. नॅटचा नियम फक्त जोडणीच्या पहिल्या पॅकेटसाठी वाचला जातो. ठरलं ते कनेक्शन ट्रॅकिंगच्या तक्त्यात लिहून ठेवलं जातं आणि पुढची पॅकेटं त्या नोंदीप्रमाणे जातात. उत्तर न आलेल्या यूडीपीची नोंद लिनक्समध्ये साधारण ३० सेकंदांनी पुसली जाते. पण वायरगार्ड उत्तर मिळेपर्यंत दर ५ सेकंदांनी हाक मारत राहतं, त्यामुळे नोंद मरतच नव्हती. भावाला सांगून वायरगार्ड एक मिनिट बंद करायला लावलं. पुन्हा चालू केल्यावर पहिल्याच हाकेला हँडशेक झाला. नियम बरोबर दिसतो आणि वागणं मात्र जुनंच राहतं, तेव्हा त्या तक्त्यातली नोंद पुसा, किंवा सरळ राउटर बंद-चालू करा. चालू नियमात आणखी बदल करत बसू नका.

भावाच्या घरातलं जाळंही १९२.१६८.१ चंच निघालं. त्यामुळे माझ्या सर्व्हरचा घरातला पत्ता त्याच्याकडे चालेना, त्याचं यंत्र तो पत्ता स्वतःच्याच घरात शोधायचं. वायरगार्डच्या बोगद्यातला सर्व्हरचा वेगळा पत्ता १०.८.०.१ होता, तो दिला. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये १०.८.०.० च्या जाळ्याला ४४३ खुला केला.

२८ तारखेला ८४४३ चं फॉरवर्डिंग आणि त्याची परवानगी, दोन्ही काढून टाकलं. मी मोबाइल डेटावरून पाहिलं, टाइमआउट. बंद झालं. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, माझ्या लॅपटॉपवर जुन्या पत्त्यावरूनही चालू आहे."

क्षणभर पोटात गोळा आला. पण हे तेच होतं, उलट्या बाजूने. फोटोंचं ॲप त्याच्याकडे सकाळपासून एक जोडणी धरून बसलं होतं. चालू जोडणीला माझ्या फायरवॉलचा पहिलाच नियम सोडतो, आणि नॅटची नोंद तक्त्यात होतीच. चालू टीसीपी जोडणीची ती नोंद लिनक्स मुळात ५ दिवस जपून ठेवतं. नोंद पुसली.

"गेलं आता?"

"हो, फिरतंय."

मग सर्व्हरवर जाऊन २१ तारखेला सैल केलेला नियम पुन्हा होता तसा केला.